सॉफ्टवेअरचं भाडं भरणारी बाई ग्राहक का नाही?

ग्राहक व्यवहार विभाग आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली यांना लातूरहून खुले पत्र

विषय : स्वयंरोजगार करणाऱ्यांनी पोटापाण्यासाठी भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअर सेवांना ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली संरक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

मी लातुरात छोट्या ऑनलाइन दुकानदारांचे हिशेब लिहितो. दुकानदार म्हणजे गंजगोलाईच्या बाजारातली पिढीजात पेढी नव्हे. औसा, रेणापूर, अंबाजोगाई, कळंब इकडची माणसं, त्यात बायाच जास्त. घरातल्या घरात माल करायचा आणि फोनवरून विकायचा. येसर, काळं तिखट, जवसाची चटणी, कुरडया, खारोड्या, पापड. गिऱ्हाईक बहुतेक इथूनच गेलेलं, पुण्यात नाही तर हैदराबादेत नोकरीला असलेलं. येसराची आमटी म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे जाहिरातीचा खर्च वाचतो. बाकीचा मात्र वाचत नाही. यांच्या जमाखर्चात एक खातं दरवर्षी फुगत चाललंय. सॉफ्टवेअरचं भाडं.

तुमच्याकडे मागणं एकच आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 2(7) मध्ये ग्राहक कोण ते सांगितलंय आणि व्यावसायिक हेतूने घेणाऱ्याला त्यातून वगळलंय. त्या कलमाखाली जे स्पष्टीकरण आहे, त्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्या माणसाने विकत घेतलेल्या वस्तूंना सवलत आहे, त्याने घेतलेल्या सेवांना नाही. ती द्या. असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण दिल्लीत बसून 'सॉफ्टवेअर सेवा' म्हटलं की मोठ्या कंपन्यांचे करारमदार डोळ्यांपुढे येत असणार. आमच्याकडे ती सेवा घेणारी बाई एका हाताने पापड लाटते आणि दुसऱ्या हाताने ओटीपी टाकते.

डोमेनपासून सुरू करू. दुकानाच्या नावाचा पत्ता पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळतो आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला तोच हजाराच्या घरात जातो. पैसे भरायच्या पानावर ईमेल, सुरक्षा असल्या दोन-तीन गोष्टी आधीच टिक करून ठेवलेल्या असतात. ज्याला दिसल्या त्याने काढल्या, ज्याला नाही दिसल्या त्याने भरल्या. मग प्रत्यक्ष दुकान उभं करायचं सॉफ्टवेअर. त्याचं भाडं जाहिरातीत लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावर दुकान चालत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीचा फॉर्म वेगळा, गिऱ्हाइकांचे अभिप्राय दाखवायचे तर वेगळं, जीएसटीचं बिल निघायला हवं तर आणखी वेगळं. प्रत्येक तुकड्याचा मालक निराळा, भाडं निराळं, तारीख निराळी. बऱ्याच तुकड्यांचं भाडं डॉलरमध्ये.

पेमेंट गेटवेबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे आमच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेबद्दल, माझी तक्रार नाही. विक्री झाली तरच कापून घेतो, नाही झाली तर काही मागत नाही. पाचशेच्या ऑर्डरीवर दोन टक्क्यांनी दहा रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे एक रुपया ऐंशी पैसे, एवढं आम्ही धरूनच चालतो. यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क, 1 जानेवारी 2020 पासून शून्य आहे, तरी काही ठिकाणी 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून काहीतरी लागतंच. तेही सोडून देऊ.

कुरिअरच्या वॉलेटचं मात्र सांगायलाच हवं. कुरिअरचं सॉफ्टवेअर म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे आणि मग त्यातून वळते होताना बघत बसायचं. कुरडई वजनाला हलकी आणि आकाराला मोठी. सांभाळून पाठवायची तर 30 बाय 25 बाय 20 सेंटिमीटरचा खोका लागतो. लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि पाच हजाराने भागायचं, हा कुरिअरवाल्यांचा नेहमीचा हिशेब. म्हणजे आत किलोभर कुरडया आणि आकार तीन किलोचा. नियम म्हणून हे ठीक आहे, गाडीत जागा लागते हे आम्हालाही कळतं. पण खोका नीट मोजून, फोटो काढून पाठवला तरी आठवड्याने वॉलेटमधून 'वजन तफावत' म्हणून पैसे कापले जातात आणि हरकत घ्यायची मुदत इतकी तोकडी असते की, लग्नसराईच्या दिवसांत ती कधी उलटून गेली हे कळतही नाही.

व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप फुकट आहे, आणि आमच्याकडची निम्मी दुकानं त्याच्यावरच उभी आहेत असं म्हटलं तरी चालेल. पण गिऱ्हाईक वाढलं की अडचण येते. एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. त्याच्या पुढे जायचं तर एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरमधून एकदम खूप जणांना निरोप धाडायची व्हॉट्सॲपची जोडणी, घ्यावा लागतो. 1 जुलै 2025 पासून त्यात टेम्प्लेट मेसेजचे, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेल्या मजकुराचे, पैसे दर मेसेजमागे मोजले जातात. तो एपीआय थेट जोडून घेणं सर्वसाधारण दुकानदाराला जमत नाही, म्हणून मधल्या कंपनीचं मासिक भाडं वेगळं. 'उन्हाळ्याचं वाळवण तयार आहे' एवढा एक निरोप हजार जणांना धाडायचा तरी दोन ठिकाणी पैसे मोजावे लागतात.

बिलिंगचं सॉफ्टवेअर, फोटोवर नाव टाकायचं डिझाइनचं ॲप, फोटो साठवायची जागा, दोन-तीन बाजारपेठांवरचा साठा एकत्र दाखवणारं काहीतरी. सगळं जोडलं तर महिन्याला चाळीस-पन्नास हजारांची विक्री करणाऱ्या घरातून तीन-चार हजार रुपये असेच जातात. कच्चा माल, पुडे, कुरिअर वजा जाता हातात काय उरतं त्याच्याशी ताडून बघा. आणि वाळवणाचा धंदा बारमाही नाही. फाल्गुन ते ज्येष्ठ काम, त्यानंतर दिवाळीच्या फराळात थोडी धग. आषाढ-श्रावणात पापड वाळत नाही, पण भाडं बारा महिने. मधले चार महिने बंद ठेवू म्हणावं तर वार्षिक योजना स्वस्त आणि मासिक महाग. बंद केलं की दुकानाचं पान जातं, सर्चमधली जागा जाते, जुन्या ऑर्डरींच्या नोंदीही जातात.

यात रुपयाची गंमत वेगळी. 2022 च्या सुरुवातीला डॉलर पंचाहत्तरच्या आसपास होता, 2025 मध्ये तो पंच्याऐंशीच्या पुढे गेला. महिन्याला 29 डॉलरचं एखादं साधन घ्या. पंचाहत्तरने 2175 रुपये, शहाऐंशीने 2494. कंपनीने दर एक पैसाही वाढवलेला नाही आणि आमचं भाडं तीनशे रुपयांनी वर गेलं. त्यावर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार आणि अधिभारावर पुन्हा जीएसटी. रिझर्व्ह बँकेला आणि तुम्हाला यातलं काही करता येणार नाही हे मला ठाऊक आहे. सांगतो अशासाठी की, भाव 'पारदर्शक आहे' असं कंपनी म्हणते तेव्हा तो कुणाला पारदर्शक असतो हेही कळावं.

आता खरा मुद्दा. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. चार माणसांसमोर किती रुपये, किती पोती ज्वारी, कपडे-चपला काय, हे एकदा बोललं की पुढच्या पाडव्यापर्यंत त्यात बदल नाही. मालकाला मधेच वाटलं म्हणून ज्वारी कमी होत नाही. सॉफ्टवेअरच्या भाड्यात ही साधी रीत नाही. वर्षाचे पैसे भरून घेतले जातात आणि मधेच एक दिवस जीएसटी रिपोर्ट डाउनलोड करायची सोय वरच्या योजनेत सरकलेली असते. पैसे भरलेल्या दिवशी ती खालच्या योजनेत होती. इंग्रजीतला बारा पानांचा करार उघडून बघितला तर आम्ही केव्हाही काहीही बदलू शकतो असं त्यात लिहिलेलं असतंच.

एका बिलिंग सॉफ्टवेअरची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. फोनवर विकणाऱ्या माणसाने अंबाजोगाईच्या एका ताईंना 'लाइफटाइम लायसन' म्हणून पैसे भरायला लावले. ताईंनी ते दागिना घेतल्यासारखे हप्त्याने भरले. दोन वर्षांनी स्क्रीनवर सूचना आली की आता जुनी आवृत्ती चालणार नाही, नव्या आवृत्तीला वार्षिक वर्गणी आहे. जुन्या आवृत्तीतली बिलं बघता येतील, नवीन बिल काढता येणार नाही. लाइफटाइम कोणाचं, असं ताईंनी विचारलं तर उत्तर आलं की ते 'त्या उत्पादनाच्या आयुष्याचं' होतं. हे उत्तर देणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. एवढ्या सहज बोलायला सराव लागतो.

ताई वकिलाकडे गेल्या. वकिलांनी सगळं ऐकून घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, हे घरासाठी घेतलं होतं की धंद्यासाठी? धंद्यासाठी. मग ग्राहक आयोगात टिकणं अवघड, दिवाणी न्यायालयात जा, आणि करारात न्यायक्षेत्र बंगळूरचं दिलंय. नऊ-दहा हजार रुपयांसाठी अंबाजोगाईहून बंगळूरला कोण जाणार? ताई गेल्या नाहीत. त्यांनी दुसरं सॉफ्टवेअर घेतलं आणि दोन वर्षांची बिलं वहीवरून परत भरली.

वकिलांचं चुकलं असं मला म्हणवत नाही, कारण कायदाच तसा लिहिलाय. मूळ 1986 च्या कायद्यात सेवा घेणाऱ्यांच्या बाबतीत 'व्यावसायिक हेतू' ही अट नव्हती. पैसे देऊन सेवा घेतली की तुम्ही ग्राहक. 2002 च्या दुरुस्तीने, ती मार्च 2003 मध्ये लागू झाली, व्यावसायिक हेतूने घेतलेल्या सेवा वगळल्या. पण तेव्हाच्या संसदेने एक भान राखलं. स्पष्टीकरणात वस्तूंबरोबर सेवाही घातल्या. म्हणजे जो माणूस फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून, वस्तू किंवा सेवा वापरतो, त्याचा हेतू व्यावसायिक मानायचा नाही. मग 2019 चा अधिनियम आला, जुलै 2020 मध्ये लागू झाला, आणि त्यातल्या स्पष्टीकरणात वस्तू राहिल्या, सेवा गळाल्या. ही गळती मुद्दाम झाली की नजरचुकीने, याचं उत्तर तुमच्या विभागाच्या फाइलींमध्ये असेल. एखादा आयोग उदार मनाने अर्थ लावेलही. पण ज्याच्या तक्रारीची रक्कम नऊ हजार आहे, त्याने उदार मनाच्या भरवशावर वकिलाची फी का भरायची?

हे असं का बोचतं ते बघा. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या स्पष्टीकरणाचा अर्थ लावताना टाइपरायटर, रिक्षा, ट्रक यांची उदाहरणं दिली होती. स्वतः चालवून पोट भरायला रिक्षा घेतली तर तो माणूस ग्राहक, चालक ठेवून धंदा करायला घेतली तर नाही. सरळ, सगळ्यांना समजेल असा भेद. त्याच भेदाने आजही आमच्या ताईंनी पापड लाटायचं यंत्र घेतलं आणि ते बिघडलं, तर त्या लातूर किंवा बीडच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतात. त्यांच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय 2019 च्याच कायद्याने केली, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही, आणि त्याबद्दल तुमचे आभारच. पण त्याच यंत्राशेजारी असलेल्या फोनमधलं सॉफ्टवेअर बिघडलं, तर दार बंद.

गंमत म्हणजे सॉफ्टवेअर एकेकाळी वस्तूच होतं. सीडीवर, खोक्यात, दुकानातून विकत घ्यायचं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने विक्रीकराच्या प्रकरणात तयार सॉफ्टवेअरला 'माल' म्हटलं आहे. वीस वर्षांपूर्वी लातुरातल्या एखाद्या छोट्या दुकानदाराने हिशेबाचं सॉफ्टवेअर सीडीवर घेतलं असतं, तर उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू म्हणून दाद मागता आली असती. आज तेच काम करणारं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने मिळतं, कंपनीच्या संगणकावर चालतं, म्हणून ती सेवा झाली. सीडी गेली ती कंपन्यांच्या सोयीने. आम्ही भाडं मागितलं नव्हतं, एकदा विकत घ्यायला तयार होतो. आणि सीडीबरोबर आमचं ग्राहकपणही गेलं.

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की, धंद्याची प्रक्रिया स्वयंचलित करायला घेतलेलं सॉफ्टवेअर नफ्याशी जोडलेलं आहे, म्हणून ती कंपनी ग्राहक नव्हे. तो निकाल मला पटतो. कारखाना असलेल्या कंपनीला स्वयंरोजगाराची सवलत कशाला? माझं भय वेगळं आहे. उद्या हाच निकाल कुणीतरी येसर विकणाऱ्या बाईच्या तोंडावर फेकेल, आणि तिला 'मी कंपनी नाही, मी स्वतःच्या हाताने काम करते' असं म्हणायला कायद्यात ओळच नसेल.

आता प्राधिकरणाकडे वळतो. 30 नोव्हेंबर 2023 रोजी तुम्ही डार्क पॅटर्नबाबतची, म्हणजे ॲप आणि वेबसाइटवर गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या रचनांबाबतची, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. ती मी वाचली आणि मनापासून आवडली. तेरा प्रकार, उदाहरणांसकट. आधीच टिक केलेल्या वस्तू म्हणजे बास्केट स्नीकिंग, बाहेर पडायचा रस्ता लपवणं म्हणजे सबस्क्रिप्शन ट्रॅप, किंमत शेवटी उघड करणं म्हणजे ड्रिप प्रायसिंग. बारावा प्रकार तर आमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे, 'सास बिलिंग', म्हणजे भाड्याच्या सॉफ्टवेअरच्या बिलातली फसवणूक. फुकटची चाचणी संपून पैसे सुरू झाले तरी न कळवणं, गुपचूप दरमहा पैसे कापणं, न वापरलेल्या सोयींचे पैसे लावणं, हे सगळं त्यात नाव घेऊन आहे. कुणीतरी या दुखण्याची नाडी अचूक पकडली होती.

पण सांगा, भाड्याने सॉफ्टवेअर घेतं कोण? घरातला माणूस सिनेमाचं ॲप घेतो, फार तर फोटो ठेवायला जागा घेतो. बिलिंग, स्टॉक, स्टोअर, मेसेजिंग, कुरिअर पॅनेल, हे सगळं धंदेवाला घेतो. म्हणजे ज्या प्रकाराची तुम्ही सर्वांत नेमकी व्याख्या केली, त्याने सर्वांत जास्त नाडला जाणारा माणूसच तुमच्या कायद्याच्या दाराबाहेर उभा. जून 2025 मध्ये तुम्ही ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना तीन महिन्यांत स्वतःचं ऑडिट करायला सांगितलंत. तसंच एकदा धंद्याचं सॉफ्टवेअर भाड्याने देणाऱ्यांनाही सांगून बघा. रद्द करायचं बटण किती पडदे ओलांडल्यावर सापडतं, एवढंच मोजायला लावलं तरी पुष्कळ होईल.

रिझर्व्ह बँकेने या बाबतीत तुमच्या आधी काम केलंय, तेही नमूद करतो. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायचे तर पहिल्यांदा ओटीपीने मंजुरी आणि प्रत्येक वेळी किमान 24 तास आधी सूचना बंधनकारक झाली. 2022 मध्ये ओटीपीविना कापायची मर्यादा पाच हजारांवरून पंधरा हजार झाली. यामुळे आमच्याकडची किती भाडी वेळेत थांबली याला गणती नाही. त्रुटी दोन. सूचना येते इंग्रजीत, आणि त्यात नाव असतं पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचं, सॉफ्टवेअरचं नव्हे. बाई मला फोन करून विचारते, 'दादा, हे कुणाचं आलंय?' आणि मलाही ओळखू येत नाही. दुसरं असं की, मंजुरी रद्द केली तर पैसे थांबतात, करार थांबत नाही. कंपनी खातं गोठवते. आत अडकलेली गिऱ्हाइकांची यादी, तीन दिवाळ्यांच्या ऑर्डरी, सगळं ओलीस राहतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपला डेटा उचलून दुसरीकडे न्यायचा हक्क शेवटी ठेवलाच नाही, त्यामुळे तिकडूनही आशा नाही.

कराची बाजू तुमच्या अखत्यारीत नाही, पण भाड्याच्या हिशेबात ती येते म्हणून थोडक्यात. मालाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही असं सगळे सांगतात. पण कळंबहून हैदराबादला येसराचा एक करपात्र पुडा धाडला की ती आंतरराज्य विक्री झाली आणि नोंदणी सक्तीची. नोंदणी झाली की परदेशी सॉफ्टवेअरवरचा 18 टक्के कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानेच, स्वतः रोखीत भरायचा, मग आपल्या करातून त्याची वजावट घ्यायची. पापडावर कर शून्य आहे. ऐकायला छान वाटतं, पण करमुक्त मालासाठी वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या कराची वजावट मिळत नाही. पापडवालीला 18 टक्के पूर्ण अंगावर. एवढं सांगून हा विषय थांबवतो, नाहीतर पत्र वित्त मंत्रालयाला जाईल.

तुमची बाजूही मला समजते. उद्या सगळे धंदेवाले ग्राहक झाले तर जिल्हा आयोगांत आधीच तुंबलेल्या तारखा आणखी तुंबतील, आणि मोठ्या कंपन्या आपले करारांचे तंटे फुकटात तिथे आणतील. रास्त आहे. म्हणून सगळ्यांसाठी मागत नाही. सूक्ष्म उद्योगाची व्याख्याही धरू नका, एप्रिल 2025 पासून ती दहा कोटींच्या उलाढालीपर्यंत गेली आहे आणि दहा कोटींवाल्याकडे वकील असतो. वर्षाला 40 लाखांच्या आत उलाढाल, मालकी एका व्यक्तीची किंवा बचत गटाची, आणि काम मुख्यतः स्वतःच्या हातांनी. एवढी चौकट आखा. बचत गट मुद्दाम म्हणतो, कारण आमच्याकडे अर्धा माल गटांच्या नावाने विकला जातो आणि गट म्हणजे एक व्यक्ती नाही, या कारणावरून कुणी दार लावायला नको.

कायदा बदलायला वेळ लागतो हेही खरं. तोपर्यंत प्राधिकरणाला स्वतःच्या अधिकारात काही गोष्टी करता येतील. धंद्याचं सॉफ्टवेअर भारतात भाड्याने देणाऱ्यांना सल्लापत्रक काढून सांगा की, वार्षिक पैसे घेतले तर मुदत संपेपर्यंत त्या दिवशीच्या सोयी काढायच्या नाहीत. 'लाइफटाइम' म्हणायचं तर कशाचं आयुष्य हे किमतीच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत लिहायचं. करार संपल्यावर किमान 90 दिवस बिलं, ऑर्डरी, गिऱ्हाइकांची यादी साध्या एक्सेल फाइलमध्ये उतरवून घेता आली पाहिजे, पैसे थकले असले तरी. पैसे कापण्याच्या सूचनेत सॉफ्टवेअरचं नाव आणि ज्या भाषेत जाहिरात केली त्या भाषेतला मजकूर असावा. आमच्याकडे विकताना सगळे मराठीत बोलतात. गोड बोलतात. रद्द करायचं म्हटलं की इंग्रजी सुरू होतं.

आमच्या बाजूने काय करतोय तेही सांगतो, नाहीतर नुसती रड वाटेल. लातूर-बीडकडच्या काही दुकानदारांना मी भाड्यांची एक वही ठेवायला लावली आहे. साधनाचं नाव, बँकेच्या मेसेजमध्ये येणारं नाव, तारीख, रक्कम, रद्द करायचा रस्ता. दोन साधनं एकच काम करत असल्याचं त्या वहीतच पहिल्यांदा दिसतं. काहींनी महागडं स्टोअर सोडून मुक्त स्रोतातलं वर्डप्रेस आणि वूकॉमर्स घेतलंय. ते फुकट म्हणतात, पण होस्टिंगचे पैसे आणि दुरुस्तीला पोरगं शोधायची कटकट धरली तर फुकट काही नाही, फक्त दोऱ्या आपल्या हातात राहतात. एका गटाने सगळं काढून टाकलं, व्हॉट्सॲप आणि वहीवर परत आले. त्यांचं बरं चाललंय, पण गिऱ्हाईक वाढवायचं नाही असं ठरवून चाललंय. 'मराठवाड्यातल्या महिला उद्योजिका' म्हणून ज्यांचे फोटो सरकारी पत्रिकांत छापले जातात, त्यांनी एवढ्यावर थांबावं असं तुम्हालाही वाटत नसेल.

एका प्रश्नाचं लेखी उत्तर हवंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर अंबाजोगाईच्या त्या ताईंनी उद्या फोन केला आणि सांगितलं की, बिलिंगचं सॉफ्टवेअर मी माझ्या घरगुती मसाल्याच्या धंद्यासाठी घेतलं, लाइफटाइम म्हणून पैसे भरले आणि ते बंद पडलं, तर त्यांची तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवली जाईल की नाही? 'हो' असेल तर कोणत्या कलमाखाली, ते कळवा, म्हणजे मी ते इकडच्या सगळ्यांना सांगेन. 'नाही' असेल तर कलम 2(7) च्या दुरुस्तीचा प्रस्ताव विभाग केव्हा मांडणार, तेवढं कळवा.

आपला,
लातूरचा एक हिशेबनीस

प्रत माहितीसाठी : मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील खासदार